क्यूओएस चालू केल्यावर आयपी फोनवरचा आवाज अधिकच तुटू लागला : कॅटॅलिस्ट २९६०-एक्स स्विचवर धोरण नेमके कसे लावावे?

प्रश्न : तांत्रिक_कक्ष

नमस्कार. मी एका सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयातील संगणक विभागाचे काम पाहतो. इमारतीच्या तीनही मजल्यांवर सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६०-एक्स हा २४ पोर्टांचा पीओई (केबलमधूनच वीज देणारा) स्विच आहे आणि हे तिन्ही स्विच सर्व्हर खोलीतील त्याच मालिकेतल्या मुख्य स्विचला गिगाबिट अपलिंकने जोडलेले आहेत. आयपी पीबीएक्स (कार्यालयाचे फोन एक्सचेंज), फाइल सर्व्हर, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आणि शाखांकडे जाणाऱ्या २० एमबीपीएस लीज्ड लाइनचा राउटर हे सारे त्या मुख्य स्विचवरच आहे. संगणकांसाठी व्हीलॅन १०, फोनसाठी व्हीलॅन २० आणि कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ३० अशी स्वतंत्र आभासी जाळ्यांत विभागणी केलेली आहे. फोन एसआयपी (कॉल जोडण्याच्या प्रमाणित संदेशांच्या) पद्धतीचे असून ते सिस्कोचे नाहीत. प्रत्येक टेबलापर्यंत एकच केबल जाते, ती फोनला लागते आणि फोनच्या मागच्या पोर्टातून संगणकाला जोडणी मिळते.

तक्रार अशी आहे की, कर्मचाऱ्याने फोनवर बोलता बोलता संगणकावर फाइल सर्व्हरवरची एखादी मोठी फाइल उघडली, की त्याला समोरच्याचा आवाज तुटक ऐकू येतो. समोरच्याला मात्र याचे बोलणे व्यवस्थित ऐकू जाते. पूर्वी हे क्वचित होत असे, म्हणून मी सर्व स्विचवर क्यूओएस (आवाजासारख्या निकडीच्या माहितीला आधी वाट देण्याची व्यवस्था) सुरू करणारी ‘एमएलएस क्यूओएस’ ही आज्ञा देऊन फोनच्या पोर्टांवर ‘ऑटो क्यूओएस व्हीओआयपी सिस्को-फोन’ लावले. त्यानंतर तक्रारी कमी होण्याऐवजी वाढल्या आहेत, इतक्या की आता मजल्यामजल्यांतील अंतर्गत बोलण्यातही आवाज गाळून गाळून येतो. अपलिंकचा वापर पाहिला तर तो १०-१२ टक्क्यांच्या वर जाताना दिसत नाही. शाखांशी बोलताना होणारा त्रास वेगळाच आहे. तो सायंकाळी दिवसअखेरीच्या हिशेबाच्या वेळी दोन्ही बाजूंना होतो.

धोरण लावताना काय राहून गेले आहे आणि ते कोणत्या क्रमाने तपासावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : पॅकेटमोजणी

आपण आवाज कोणत्या दिशेने तुटतो हे नोंदवले आहे, त्यामुळे अर्धे निदान तेथेच झाले आहे. बहुतेक जण ‘आवाज तुटतो’ एवढेच लिहितात आणि मग उत्तर देणाऱ्यांना अंधारात चाचपडावे लागते.

अपलिंक रिकामी आहे, हे खरे मानू. परंतु गर्दी अपलिंकवर होत नसून फोनच्या पोर्टावर होत असावी, असे मला वाटते. अनेक एसआयपी फोनांचे दोन्ही पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, त्यामुळे मजल्यावरच्या स्विचचा तो पोर्ट गिगाबिट असूनही १०० वर चालतो. फाइल सर्व्हर गिगाबिट वेगाने पॅकेटांचा (माहितीच्या तुकड्यांचा) लोंढा पाठवतो आणि तो लोंढा त्या १०० च्या तोंडाशी येऊन अडतो. फोनकडे जाणारी आवाजाची पॅकेटे त्याच तोंडातून जायची असल्याने तीही अडतात किंवा गळतात. फोनकडून बाहेर जाणाऱ्या दिशेला अशी गर्दी नसते, म्हणून समोरच्याला नीट ऐकू जाते. पोर्ट खरोखर कोणत्या वेगावर चालतो ते ‘शो इंटरफेसेस स्टेटस’मध्ये पाहून घ्यावे. वापराचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये, कारण स्विच मुळात ५ मिनिटांची सरासरी दाखवतो आणि काही मिलिसेकंदांचा लोंढा तिच्यात विरघळून जातो. ‘लोड-इंटरव्हल ३०’ दिल्याने सरासरी ३० सेकंदांवर येते, तरीही लोंढा दिसत नाहीच. तो दिसतो तो ड्रॉपच्या, म्हणजे जागा नसल्याने टाकून दिलेल्या पॅकेटांच्या, आकड्यात.

आता क्यूओएसने प्रकृती का बिघडवली ते पाहू. २९६० मालिकेत ‘एमएलएस क्यूओएस’ देण्यापूर्वी स्विच पॅकेटावरील प्राधान्याच्या खुणांकडे लक्ष देत नाही आणि त्या पुसतही नाही. पॅकेट जसे आले तसे पुढे जाते. ही आज्ञा दिल्याक्षणी मात्र प्रत्येक पोर्ट अविश्वासू ठरतो आणि त्यावरून आत येणाऱ्या पॅकेटाचे डीएससीपी मूल्य, म्हणजे हीच प्राधान्याची खूण, ० केले जाते. आपण लावलेल्या ऑटो क्यूओएसमध्ये विश्वास सशर्त असतो: पोर्टावर सिस्कोचा फोन असल्याचे सीडीपीतून (सिस्को यंत्रांच्या परस्पर ओळखीच्या संदेशांतून) कळले, तरच खूण मानायची. आपले फोन दुसऱ्या कंपनीचे असल्यामुळे ती अट कधीच पूर्ण होत नाही. ते एलएलडीपीने (सर्व कंपन्यांना खुल्या अशाच पद्धतीने) आपली ओळख देत असतील आणि त्यातूनच व्हॉइस व्हीलॅनही घेत असतील, पण या अटीसाठी एलएलडीपी चालत नाही. परिणामी फोनने ईएफ, म्हणजे आवाजासाठीची ४६, अशी खूण लावून पाठवलेले पॅकेट पहिल्याच स्विचवर ० होते आणि पुढच्या साऱ्या प्रवासात त्याच्यात आणि फाइलच्या तुकड्यात काही फरक उरत नाही.

याची खातरजमा दोन आज्ञांत होते. पहिली ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस’, पुढे पोर्टाचे नाव. तिच्या उत्तरात ‘ट्रस्ट मोड’ या ओळीत विश्वास दिसेल, पण तिच्याच वरच्या ‘ट्रस्ट स्टेट’ या ओळीत ‘नॉट ट्रस्टेड’ असे दिसेल आणि खाली ‘ट्रस्ट डिव्हाइस’ म्हणून सिस्को-फोन लिहिलेले असेल. या दोन ओळींतील विसंगती हेच आपल्या दुखण्याचे नाव आहे. नव्या आवृत्तीतील ऑटो क्यूओएस पोर्टावर स्वतःची सर्व्हिस-पॉलिसीही टाकते, तेव्हा ‘शो रनिंग-कॉन्फिग’मध्ये पोर्टाखाली नेमके काय बसले आहे तेही पाहावे.

दुसरी आज्ञा म्हणजे हीच, शेवटी ‘स्टॅटिस्टिक्स’ जोडून. तिच्यात डीएससीपीचे तक्ते पाच-पाच मूल्यांच्या ओळींत येतात. ‘४५ - ४९’ या ओळीतील दुसरा आकडा म्हणजे ४६. बोलणे चालू असताना फोनच्या पोर्टावर ‘इनकमिंग’ तक्त्यातील हा आकडा वाढतो का ते पाहावे आणि त्याच वेळी अपलिंकवर ‘आउटगोइंग’ तक्त्यातील हाच आकडा वाढतो का तेही पाहावे. पहिला वाढतो आणि दुसरा जागचा हलत नाही, असे दिसले तर खूण या स्विचवरच पुसली जाते. पहिलाही वाढत नसेल तर फोनच खूण लावत नाही आणि मग स्विचला दोष देण्यात अर्थ नाही.

फोनच्या सेटिंगविषयी एक सावधगिरीची सूचना. काही फोनांत डीएससीपीचा रकाना असतो, तर काहींत टीओएसचा. टीओएस हा आठ बिटांचा आकडा आणि डीएससीपी त्यातील वरचे सहा बिट, म्हणून टीओएसच्या रकान्यात ४६ × ४ = १८४ लिहावे लागते. तेथे ४६ लिहिले तर पॅकेटावर डीएससीपी ११ उमटतो, ज्याला कोणताही स्विच आवाज मानणार नाही. स्विचच्या तक्त्यात ‘१० - १४’ या ओळीत दुसरा आकडा भराभर वाढताना दिसला, तर हाच प्रकार आहे असे खुशाल समजावे.

उत्तर : रॅकमागचा

वरील निदानाशी मी सहमत आहे. उपायाच्या बाबतीत मात्र फोनच्या पोर्टावर सरसकट ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी’ देऊन मोकळे होण्याचा मोह टाळावा, असे सुचवतो. फोनच्या मागे संगणक आहे आणि संगणकावरील कोणताही प्रोग्राम आपल्या पॅकेटांवर ४६ ही खूण मारू शकतो. एकदा पोर्टावर विश्वास टाकला की स्विच दोघांना सारखेच वागवतो. त्याऐवजी पोर्ट अविश्वासूच ठेवून, आत येताना काय आवाज आहे आणि काय नाही, हे स्विचने स्वतः ठरवावे.

क्रम असा ठेवावा. प्रथम फोनच्या पोर्टांवरील ऑटो क्यूओएस त्याच आज्ञेपुढे ‘नो’ लावून काढावे आणि मागे काही उरले असल्यास तेही साफ करावे. मग एक विस्तारित अॅक्सेस-लिस्ट लिहावी, जिच्यात व्हीलॅन २० च्या पत्त्यांवरून निघणारे, फोनच्या आरटीपी (आवाज वाहणाऱ्या) पोर्ट-कक्षेतील यूडीपी पॅकेटे येतील. ही कक्षा प्रत्येक कंपनीची निराळी असते, ती फोनच्या किंवा पीबीएक्सच्या सेटिंगमधून घ्यावी. दुसऱ्या अॅक्सेस-लिस्टमध्ये त्याच पत्त्यांवरून पोर्ट ५०६० कडे जाणारे एसआयपी संदेश घ्यावेत. या दोन याद्यांवर दोन क्लास-मॅप (पॅकेटांचे गट) बांधावेत आणि एका पॉलिसी-मॅपमध्ये (कोणत्या गटाचे काय करायचे त्या नियमावलीत) पहिल्याला ‘सेट डीएससीपी ईएफ’, दुसऱ्याला ‘सेट डीएससीपी सीएस३’, म्हणजे २४, असे द्यावे. हा पॉलिसी-मॅप फोनच्या पोर्टावर ‘सर्व्हिस-पॉलिसी इनपुट’ने लावावा. २९६० वर हे धोरण आत येणाऱ्या दिशेलाच लागते. बाहेर जाणाऱ्या दिशेला पॉलिसी-मॅप लावायला गेल्यास स्विच नकार देईल, कारण तेथील कारभार रांगांच्या वेगळ्या आज्ञांनी चालतो. यादीत न बसणाऱ्या साऱ्या पॅकेटांचे मूल्य आपोआप ० होईल, आणि तेच आपल्याला हवे आहे.

आवाजाच्या क्लासवर पोलिसिंगही, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जादा आलेले टाकून देणारी मर्यादाही, लावावी. जी.७११ या कोडेकच्या (आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीच्या) एका संभाषणात एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेटे जातात. प्रत्येकात १६० बाइट आवाज, ४० बाइट आयपी-यूडीपी-आरटीपीचे आणि १८ बाइट इथरनेटचे, म्हणजे एकूण ८७.२ केबीपीएस. १२८ केबीपीएसची मर्यादा एका संभाषणाला पुरते. परंतु आपले लोक फोनवरूनच तिघांचे संभाषण जोडत असतील तर फोन दोन प्रवाह पाठवतो आणि आकडा १७४ च्या पुढे जातो. अशा ठिकाणी १२८ ची मर्यादा लावल्यास आपणच आपला आवाज तोडल्यासारखे होईल. २५६ ठेवावी आणि निश्चिंत राहावे.

यानंतरचा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो. एका स्विचने लावलेली खूण दुसऱ्या स्विचने मानली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक अपलिंकच्या दोन्ही टोकांना ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी’ द्यावे, नाहीतर मजल्यावरच्या स्विचने लावलेले ४६ मुख्य स्विचच्या दारातच ० होईल. पीबीएक्स आणि राउटर ज्या पोर्टांवर आहेत तेथेही विश्वास द्यावा, कारण ती यंत्रे आपल्या ताब्यात आहेत. पीबीएक्स स्वतः खूण लावतो की नाही हे वेगळे तपासावे. अॅस्टरिस्कमध्ये ‘टीओएस_ऑडिओ’ या सेटिंगमध्ये ‘ईएफ’ लिहावे लागते. आपल्याकडे तक्रार ऐकण्याच्या दिशेची आहे, आणि पीबीएक्समार्गे येणारा आवाज फोनपर्यंत येतो तो याच वाटेने. म्हणून फोनचे पोर्ट कितीही नीट केले आणि पीबीएक्सचा पोर्ट विसरला, तर कर्मचाऱ्याला काहीही फरक जाणवणार नाही.

ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर) डीएससीपीऐवजी सीओएसवर (इथरनेट पातळीवरील प्राधान्याच्या खुणेवर) विश्वास ठेवायचा असेल तर एक नकाशा बदलावा लागतो. मूळ नकाशात सीओएस ५ चे रूपांतर डीएससीपी ४० मध्ये होते, ४६ मध्ये नाही. ‘एमएलएस क्यूओएस मॅप सीओएस-डीएससीपी ० ८ १६ २४ ३२ ४६ ४८ ५६’ असे लिहिल्यावर ते जुळते. डीएससीपीवरच विश्वास ठेवल्यास ही भानगड उरत नाही.

उत्तर : केबलवाला

माझे मत थोडे निराळे आहे. गिगाबिट अपलिंक १२ टक्के वापरात असताना स्विचवर इतका खटाटोप करण्याची गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. ‘नो एमएलएस क्यूओएस’ दिल्यास पोर्टाची सारी बफर-स्मृती (पॅकेटे थांबण्याची जागा) एकाच रांगेला मिळते, पॅकेट आल्या क्रमाने जाते आणि खुणाही शाबूत राहतात. प्रश्नकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे की पूर्वी त्रास क्वचित होत असे. मी अनेक कार्यालयांत क्यूओएस बंद ठेवून, फोनला आणि संगणकाला वेगवेगळी केबल देऊन हा विषय संपवला आहे. केबल एकदा ओढली की तिला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. क्यूओएसची आज्ञावली मात्र माणूस बदलला की कोणाला कळत नाही आणि नवा माणूस ती पुसायलाही घाबरतो.

गिगाबिट पोर्टांचे फोन घेणे हाही पर्याय आहे, पण तीन मजल्यांचे फोन बदलायला संचालक मंडळ तयार होईल, असे मला वाटत नाही.

उत्तर : पॅकेटमोजणी

केबलवाला यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी टाळू इच्छित नाही. २९६० वर क्यूओएस अर्धवट चालू करण्यापेक्षा ते पूर्ण बंद ठेवणे केव्हाही बरे. मात्र वेगळी केबल म्हणजे स्विचवरचे दुप्पट पोर्ट, आणि प्रत्येक मजल्यावर २४ च पोर्ट असल्याने नवे स्विचही आले. शिवाय शाखांच्या लाइनवर खुणा लागणारच आहेत, मग त्या स्विचवरूनच नीट याव्यात हे बरे.

त्यांनी बफरचा उल्लेख केला, तो धागा पुढे नेतो, कारण केवळ विश्वासाची चूक दुरुस्त करून काम भागणार नाही. क्यूओएस चालू होताच प्रत्येक पोर्टाची बाहेर जाणारी वाट चार रांगांत विभागली जाते आणि बफरही २५ टक्क्यांच्या चार वाट्यांत पडते. मूळ नकाशानुसार डीएससीपी ० ते १५ दुसऱ्या रांगेत, १६ ते ३१ तिसऱ्या, ४० ते ४७ पहिल्या आणि उरलेले चौथ्या रांगेत जाते. आपल्याकडील संगणकांची जवळजवळ सारी पॅकेटे ० मूल्याची आहेत, म्हणजे पूर्वी ज्या लोंढ्याला सारी जागा मिळत असे तो आता एका रांगेच्या चतकोर जागेत कोंबला जातो. आवाजाचे मूल्यही ० झाले असल्यामुळे तोही त्याच चतकोरात चेंगरतो. क्यूओएस लावल्यावर आवाज आधीपेक्षा बिघडला, याचे कारण या दोन गोष्टींच्या एकत्र येण्यात आहे.

पहिल्या रांगेचा एक सापळाही येथे सांगितला पाहिजे. तिच्यावर मूळ सेटिंगमध्ये ‘एसआरआर-क्यू बँडविड्थ शेप २५ ० ० ०’ असते. हा २५ म्हणजे टक्के नव्हेत, तो भाजक आहे: रांगेला पोर्टाच्या वेगाचा पंचविसावा भाग, म्हणजे ४ टक्के, एवढाच मिळतो आणि पोर्ट रिकामा असला तरी त्याच्या वर जाता येत नाही. १०० एमबीपीएसच्या पोर्टावर ते ४ एमबीपीएस होतात, ज्यात जी.७११ ची ४५ संभाषणे बसतात आणि सेहेचाळिसावे आल्यावर सगळ्यांचाच आवाज फाटतो. एका फोनच्या पोर्टावर याने काही बिघडत नाही, परंतु पीबीएक्स किंवा राउटरचा पोर्ट कधी १०० वर चालत असेल तर हा आकडा अचानक आडवा येतो. ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’ ही आज्ञा पोर्टावर दिल्यास पहिली रांग खऱ्या अर्थाने प्राधान्याची होते, ती रिकामी होईपर्यंत दुसरीला वाट मिळत नाही आणि शेपचा हा आकडा तिच्यापुरता निष्प्रभ ठरतो. फोनचे पोर्ट, अपलिंक, पीबीएक्स आणि राउटर या सर्व पोर्टांवर ती द्यावी. आत येताना पोलिसिंग लावावे असे वर सांगितले आहे, त्याचे महत्त्व येथे कळते. प्राधान्याच्या रांगेला स्वतःची मर्यादा नसते, म्हणून दारातच मोजून घ्यावे लागते.

दुसऱ्या रांगेला जागा देण्यासाठी क्यू-सेट (रांगांच्या जागावाटपाचा संच) वापरावा. असे संच दोन असतात आणि सारे पोर्ट सुरुवातीला पहिल्या संचावर असतात. पहिल्याला हात न लावता दुसरा संच बदलावा: ‘एमएलएस क्यूओएस क्यू-सेट आउटपुट २ बफर्स १५ ५५ १५ १५’ आणि ‘एमएलएस क्यूओएस क्यू-सेट आउटपुट २ थ्रेशोल्ड २ ३१०० ३१०० १०० ३२००’. थ्रेशोल्डच्या या आकड्यांमुळे दुसरी रांग गरजेच्या वेळी सामायिक साठ्यातून भरपूर जागा उसनी घेऊ शकते. मग ज्या पोर्टांवर ड्रॉप दिसतात त्यांवरच ‘क्यू-सेट २’ लावावे. साऱ्या पोर्टांवर सरसकट लावल्यास सामायिक साठा एकच असल्याने एका पोर्टाची उधळपट्टी दुसऱ्याला भोवते. हा बदल कार्यालय सुटल्यावर करावा.

ड्रॉप वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, नाहीतर भलत्याच रांगेवर उपचार होतात. आज्ञा देताना रांगा १ ते ४ अशा मोजतात, पण ‘स्टॅटिस्टिक्स’च्या उत्तरात त्या ० ते ३ अशा छापून येतात. ‘क्यू १’ पुढे ड्रॉप दिसले, तर ती आज्ञेच्या भाषेतली दुसरी रांग होय. प्राधान्याची रांग तेथे ‘क्यू ०’ म्हणून दिसते.

तांत्रिक_कक्ष

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. फोनचे पोर्ट १०० वरच चालत आहेत आणि ‘ट्रस्ट स्टेट’पुढे ‘नॉट ट्रस्टेड’ असेच दिसले. तळमजल्यावरील फोनांवर ‘४५ - ४९’ ओळीतील दुसरा आकडा वाढत होता. वरच्या दोन मजल्यांवर मात्र तो शून्यच होता आणि ११ चा आकडा वाढत होता. हे फोन पुरवठादाराने नंतर दिलेले असून त्यांच्या टीओएस रकान्यात ४६ भरून ठेवले होते. ते १८४ केले.

अॅक्सेस-लिस्ट, पॉलिसी-मॅप, अपलिंक आणि पीबीएक्सवरील विश्वास व ‘प्रायॉरिटी-क्यू आउट’ एवढे लावल्यावर अंतर्गत तक्रार थांबली. मोठी फाइल उघडत असताना फोनच्या पोर्टावर ‘क्यू १’चे ड्रॉप अजूनही वाढतात, पण ‘क्यू ०’पुढे शून्य आहे आणि आवाज स्वच्छ येतो. फाइल सर्व्हरच्या आणि ज्या टेबलांवर लेखापरीक्षणाच्या मोठ्या फायली उघडतात त्या पोर्टांवर ‘क्यू-सेट २’ दिले आहे.

शाखांचा प्रश्न जसाच्या तसा आहे. लीज्ड लाइन २० एमबीपीएसची, तिच्यावर शाखांपर्यंत आमचा आयपीसेक टनेल (कूटबद्ध मार्ग) चालतो. राउटरच्या बाहेरच्या पोर्टावर ड्रॉप अजिबात दिसत नाहीत, सायंकाळी आवाज मात्र तुटतो. मुख्य स्विचवर राउटरच्या पोर्टासाठी आणखी काही करावे का?

उत्तर : सीमेवरचा_राउटर

ड्रॉप दिसत नाहीत, यातच उत्तर आहे. पुरवठादाराने २० एमबीपीएसची लाइन १०० किंवा १००० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टावर दिलेली असते. आपल्या राउटरला पोर्ट रिकामा वाटतो, म्हणून तो रांगच लावत नाही आणि आलेले सर्व पुढे ढकलतो. २० च्या वरचे पॅकेट पुरवठादाराच्या टोकाला पोलिसिंगमध्ये टाकून दिले जाते आणि तेथे आपली खूण कोणी पाहत नाही. जेथे रांग लागत नाही तेथे प्राधान्यालाही काही काम नसते. तेव्हा गर्दी आपल्या हातात असलेल्या जागी ओढून आणावी लागते.

हे काम राउटरवर करावे. बाहेरच्या पोर्टावर पालक पॉलिसी-मॅपमध्ये ‘शेप अॅव्हरेज’ १९ एमबीपीएसच्या आसपास ठेवावे, म्हणजे जादा पॅकेटे राउटरवरच रांगेत थांबतील, आणि तिच्या आत दुसरी पॉलिसी लावून ईएफच्या क्लासला ‘प्रायॉरिटी’ द्यावी. शाखांशी एकाच वेळी जास्तीत जास्त १५ संभाषणे होत असतील तर जी.७११ ने ती १.३ एमबीपीएस होतात. टनेलच्या वेष्टनाची भर धरून २ एमबीपीएस राखावेत. या क्लासला गर्दीच्या वेळी तेवढेच मिळते आणि अधिक आल्यास ते टाकले जाते, म्हणून पीबीएक्सवरही शाखांच्या संभाषणांची संख्या तितकीच बांधून घ्यावी. एसआयपीला आणि बँकिंग सॉफ्टवेअरला आपापला ‘बँडविड्थ’ हिस्सा द्यावा, उरलेल्याला ‘फेअर-क्यू’ पुरे. शाखांच्या राउटरवरही त्यांच्या त्यांच्या लाइनच्या वेगानुसार हेच करावे लागेल, कारण दिवसअखेरीचा डेटा शाखांकडूनच वर येतो आणि त्या दिशेवर मुख्य कार्यालयाच्या राउटरचा अंमल चालत नाही. त्यातून सर्व शाखांची बेरीज २० च्या वर जात असेल, तर मुख्य कार्यालयाकडे येणाऱ्या दिशेला पुन्हा पुरवठादाराच्याच टोकाला गळती होईल. तेथे शाखांची शेपिंग बेरजेचा विचार करून थोडी आवळावी किंवा दिवसअखेरीच्या वेळा पुढेमागे कराव्यात.

स्विचवरून हे साधायचेच असेल तर ‘एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट’ ही आज्ञा आहे, पण ती १० ते ९० टक्के एवढ्याच कक्षेत चालते आणि हार्डवेअर आकडा ठोकळमानाने पाळते. गिगाबिट पोर्टावर १० टक्के म्हणजे १०० एमबीपीएस, जे आपल्या कामाचे नाही. त्यासाठी पोर्ट १०० वर बांधावा लागेल आणि दोन्ही टोकांना वेग व डुप्लेक्स सारखे नसतील तर नवीनच दुखणे मागे लागेल. राउटर हाताशी असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

टनेलबाबत दोन गोष्टी. आयपीसेकच्या टनेल पद्धतीत आतल्या पॅकेटाची डीएससीपी खूण बाहेरच्या वेष्टनावर उतरवली जाते, त्यामुळे बाहेरच्या पोर्टावर ईएफ ओळखता येतो. परंतु कूटबद्ध झाल्यावर प्राधान्याची पॅकेटे पुढे घुसतात आणि मागे राहिलेली मोठी पॅकेटे उशिरा पोहोचतात. समोरचा राउटर अँटी-रिप्लेच्या (जुनेच पॅकेट कोणी पुन्हा पाठवले का हे पाहणाऱ्या) तपासणीत क्रमांक मोजत असतो आणि सिस्कोमध्ये ती खिडकी मुळात ६४ पॅकेटांची असते. तिच्या मागे पडलेले पॅकेट तो जुने समजून टाकून देतो. शेपिंग लावल्यानंतर आवाज सुधारला पण हिशेबाचा डेटा रेंगाळू लागला, अशी तक्रार आली, तर ‘शो क्रिप्टो आयपीसेक एसए डिटेल’मध्ये रिप्लेचा आकडा पाहावा आणि ‘क्रिप्टो आयपीसेक सिक्युरिटी-असोसिएशन रिप्ले विंडो-साइझ १०२४’ देऊन खिडकी मोठी करावी. बदल दोन्ही टोकांच्या राउटरवर करावा आणि टनेल नव्याने उभा राहिल्यावरच तो लागू झाला असे समजावे.

तांत्रिक_कक्ष

शेपिंग मुख्य कार्यालयाच्या आणि दोन मोठ्या शाखांच्या राउटरवर १९ ऐवजी सध्या १८ एमबीपीएस आणि शाखांच्या लाइनच्या प्रमाणात लावले आहे. ‘शो पॉलिसी-मॅप इंटरफेस’मध्ये आता सायंकाळी सर्वसाधारण क्लासपुढे ड्रॉप दिसू लागले आहेत आणि ईएफपुढे शून्य आहे. उरलेल्या शाखांचे राउटर जुने असून त्यांवर एकीच्या आत दुसरी अशी दुहेरी पॉलिसी चालते का ते पाहावे लागेल. न चालल्यास त्या शाखांचे फोन जी.७२९ या आवाज दाबणाऱ्या कोडेकवर नेण्याचा विचार आहे, म्हणजे टनेलचे वेष्टन वगळता एक संभाषण ८७.२ ऐवजी ३१.२ केबीपीएसमध्ये बसेल.

उत्तर : सीमेवरचा_राउटर

जी.७२९ ने भार कमी होईल, गळती थांबणार नाही. दाबलेल्या आवाजातले एक पॅकेट गेले तर ते कानाला अधिक बोचते, म्हणून शेपिंगला पर्याय म्हणून कोडेक बदलू नये. जुन्या राउटरवर दुहेरी पॉलिसी चालत नसेल, तर राउटरचा पुरवठादाराकडचा पोर्ट १० एमबीपीएसवर बांधता येतो का ते पाहावे. शाखेची लाइन १० ची असल्यास पोर्टाचा वेगच शेपरचे काम करतो आणि मग साधी, एकपदरी ‘प्रायॉरिटी’ पॉलिसी पुरते. पुरवठादाराला त्याचे टोकही १० वर ठेवायला लेखी कळवावे.